पसंतीचा रकाना

आमच्या राजापुरात इंग्रजीच्या प्राध्यापकाला दोन कामे करावी लागतात. एक महाविद्यालयात तास घेण्याचे, व दुसरे घरी ओसरीवर बसून लोकांचे अर्ज भरून देण्याचे. पहिल्याबद्दल आम्हांस पगार मिळतो. दुसऱ्याबद्दल ऋतुमानाप्रमाणे काजू, फणस, आमसुले अगर नुसताच नमस्कार मिळतो. परंतु खरे सांगायचे तर लोकांच्या दृष्टीने आमची योग्यता ह्या दुसऱ्या कामावरूनच ठरत आलेली आहे. शेक्सपीयर आम्ही कसा शिकवतो ह्याची चौकशी इतक्या वर्षांत एकाही पालकाने केल्याचे आम्हांस स्मरत नाही. अर्ज मात्र आम्ही भरला तर तो 'लागतो', अशी आमची ख्याती ओणी-पाचलपासून थेट जैतापूर-नाट्यापर्यंत पसरलेली आहे. तिला आधार काही नाही. न लागलेल्या अर्जांचे धनी पुन्हा सांगायला येत नाहीत, एवढेच तिचे रहस्य असावे.

आता अर्ज कागदावर राहिले नाहीत. ते संगणकावर किंवा हातातल्या फोनवर भरले जातात. तथापि आमची ओसरी काही ओस पडलेली नाही. नाव, गाव, जन्मतारीख हे सगळे मुले स्वतःच भरतात; अडतात ती एकाच ठिकाणी. सैन्याच्या अर्जात पसंतीचा म्हणून एक रकाना असतो. कोणते दल? कोणते काम? पहिली पसंती कोणती आणि दुसरी कोणती? येथवर आले की मुलगा मान वर करतो व विचारतो, "सर, ह्यात काय टाकू?" सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या पुढल्या आयुष्याचा प्रश्न 'टाकू' ह्या क्रियापदाने विचारावा, आणि आम्ही चहाचा पेला खाली न ठेवताच "टाक जनरल ड्यूटी" असे उत्तर द्यावे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे.

ह्या सल्ल्याला आमचा अधिकार किती, हे वाचकांस आधीच सांगून टाकलेले बरे. आम्ही पलटण पाहिली ती प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, आणि तेही दूरदर्शनच्या पडद्यावर. स्नेहसंमेलनातल्या पुठ्ठ्याच्या तलवारीखेरीज दुसरे शस्त्र आम्ही कधी हाती धरलेले नाही. आमचा चष्मा जाड आहे, आणि "नजर अधू म्हणून आमचे सैन्यात जायचे राहिले, नाहीतर—" हे वाक्य आम्ही वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहे की, ते आमचे आम्हांलाच खरे वाटू लागले होते. ह्या वाक्याकडे आम्हांस पुढे परत यावे लागणार आहे.

पूर्वी हा प्रश्न इतका नाजूक नव्हता. मुलगा एकदा पलटणीत चिकटला म्हणजे पंधरा-सतरा वर्षांची निश्चिंती आणि पुढे पेन्शन. मग तो कोणत्या खात्यात आहे ह्याची वाडीला फारशी पर्वा नसे. कारण मनीऑर्डर कोणत्याही खात्यातून आली तरी सारखीच. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा हिशेब बदलला. आता मुदत चार वर्षांची. आणि ती संपल्यावर शंभरांतून फार तर पंचवीसजणांना कायम ठेवावयाचे. उरलेल्यांनी ऐन उमेदीत घरी परतावयाचे. त्यामुळे चार वर्षांनी आपला पोर उंबरठ्यावर उभा राहील तेव्हा त्याच्या हाताला कोणता गुण आलेला असेल, ही काळजी बापाला अर्जाच्या दिवसापासूनच लागते. ती अस्थानी आहे असे आम्हांस वाटत नाही. एकूण रकमेचा आकडा सांगून ती निवारता येते असे ज्यांस वाटते, त्यांनी एकदा आमच्या ओसरीवर येऊन बसावे.

बरे, ही पसंती तरी कितपत मोकळी? 'जनरल ड्यूटी'ला दहावी आणि पंचेचाळीस टक्के गुण पाहिजेत. 'टेक्निकल'ला सहसा बारावी, तीही विज्ञानाची. 'क्लार्क आणि स्टोअरकीपर' ह्या जागेला बारावीचे साठ टक्के. आणि स्वयंपाकी, शिंपी, न्हावी, धोबी अशा कसबाच्या जागा 'ट्रेड्समन' ह्या नावाखाली येतात. त्यांतल्या काही आठवी झालेल्यालाही मिळतात. म्हणजे मुलगा पसंतीचा रकाना अठराव्या वर्षी भरतो असे आपण म्हणतो खरे, परंतु दहावीला गणिताच्या पेपरात तो निम्मा भरून झालेला असतो. उरलेला निम्मा कोल्हापुरास ठरतो. आमचा जिल्हा तिथल्या भरती कार्यालयाकडे येतो. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग धावणे, असा क्रम आहे. अणुस्कुऱ्याचा घाट चढून जाणारी ही पोरे महिनेच्या महिने पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावत असतात. रात्री उशिरापर्यंत वाचीत बसलो म्हणजे त्यांच्या पावलांचा आवाज येतो व आपली निजायची वेळ टळून गेली हे आम्हांस कळते.

तरीही जेवढी म्हणून निवड करता येते तेवढी करताना माणसाचा स्वभाव मोठा मजेचा दिसतो. एकदा नाट्याकडचा एक मुलगा आला. बापाची होडी, आजाची होडी. पोहणे चालण्याआधी शिकलेला. आम्ही मोठ्या उत्साहाने आंग्र्यांपासून सुरुवात केली, विजयदुर्गावर आलो, ओडिशात चिल्का येथे खलाशांचे पहिले शिक्षण कसे होते ते सांगितले, आणि 'नौदल' ह्या शब्दावर बोट ठेवले. तो शांतपणे म्हणाला, "दर्या पुरे झाला, सर. पायाखाली न हलणारं कायतरी बघा." त्याच आठवड्यात पाचलच्या वरच्या अंगाचा एक मुलगा आला. त्याने समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, आणि त्याला नौदलाखेरीज दुसरे काही नको होते. दोघांचेही आम्ही ऐकले. पहिला आज राजस्थानच्या वाळूत आहे. ती फारशी न हलणारी वस्तू नाही असे त्याने मागे कळवले होते.

आईबापांची निवड मात्र एकाच सूत्राने चालते. मुलीसाठी स्थळ पाहावे तसे ते खाते पाहतात. गोळी कुठपर्यंत पोहोचते आणि आपला मुलगा तिच्यापासून किती कोस मागे राहील, ह्यावर त्या खात्याची प्रतवारी ठरते. पायदळ सर्वांत पुढे, म्हणून सर्वांत खाली. तोफखाना जरा मागे, म्हणून जरा बरा. सिग्नल, रसद, दुरुस्तीचे कारखाने हे आणखी बरे. कचेरीतले काम सर्वांत उत्तम. तिथे तर पंखाही असतो. ह्या प्रतवारीला आम्ही पुष्कळ वर्षे हसत आलो. हसण्याला आमच्यापाशी दोन दृष्टांत तयार असत, आणि ते दोन्ही खरे असल्यामुळे फार उपयोगी पडत.

पहिला दृष्टांत माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे ह्यांचा. मराठा पलटणीत नाईक, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, आणि ते सोडून तुकडीतले सगळे मेले तरी किंवा जखमी तरी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर चालून गेले, हातगोळा फेकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले, ठाणे निकामी केले, आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीने पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या मागे आला. हे पायदळ. आता दुसरा दृष्टांत कारवारजवळच्या चेंडिये गावच्या घराण्यातल्या रामा राघोबा राणे ह्यांचा. ते सफरमैनातले, म्हणजे रस्ते करणे, पूल बांधणे, सुरुंग काढणे हे ज्यांचे काम त्या मुंबई सॅपर्सचे. घरच्या माणसांनी 'बांधकाम खाते' म्हणून सुटकेचा श्वास टाकावा असे हे खाते. ८ ते ११ एप्रिल १९४८ ह्या दिवसांत नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांना वाट करून देताना त्यांनी काय केले? सुरुंगांनी भरलेल्या वाटेवर ते स्वतः रणगाड्याखाली सरपटत राहिले, आणि दोरी ओढून चालकाला डावे-उजवे सांगत गेले. अंगावर तोफगोळ्यांच्या जखमा असताना ते रात्रंदिवस झाडांचे अडसर आणि सुरुंग काढीत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते जिवंतपणी मिळाले. हे सांगून आम्ही पालकांना विचारीत असू, "आता सांगा, सुरक्षित खाते कोणते?" पालक निरुत्तर होत. निरुत्तर झालेला माणूस पटलेला असतोच असे नाही, हे प्राध्यापकाला फार उशिरा कळते.

आम्हांला ते कळले एका फणसामुळे. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक चुणचुणीत मुलगा, बारावी विज्ञान झालेला, टेक्निकलच्या सर्व अटींत बसणारा. परंतु त्याच्या मनात पायदळ भरलेले. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात जायचे म्हणत होता. ह्या पलटणीची मुळे १७६८ सालात आहेत, हेही कुठून वाचून आला होता. आमच्या समोर असा श्रोता आला म्हणजे आमची रसवंती आवरत नाही. आम्ही त्याला घाडग्यांची गोष्ट सांगितली आणि अर्थातच तो आनंदाने घरी गेला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्याची आई आली. डोक्यावर फणस होता. तो तिने ओसरीच्या कडेला उतरवला, पदराने मान पुसली, आणि उभ्यानेच विचारले,

"सर, एक विचारू? तुमच्या घरातला कोन गेलाय काय वो मिल्ट्रीत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. चौकशी केल्यासारखे तिने विचारले. आम्ही "नाही" म्हणालो, आणि आमच्या नजरेबद्दलचे ते वाक्य तोंडात आले होते ते का कोण जाणे गिळले. ती म्हणाली, "तसं न्हाय, सहज विचारलं." फणस ठेवून ती गेली. मुलगा पायदळातच गेला. आज बरा आहे, सुटीवर आला म्हणजे भेटून जातो, आणि आमच्याविषयी कृतज्ञताही बाळगतो. त्याची आई बाजारात भेटते तेव्हा पदर सारखा करून बाजूने निघून जाते. तिचा फणस उत्तम कापा निघाला. आमच्या घशाखाली तो उतरला नाही.

त्यानंतर काही दिवस आम्ही सल्ला देणे बंद केले आणि, आमच्यासारखे लोक अशा वेळी करतात त्याप्रमाणे, पुस्तकांत आधार शोधू लागलो. माणसाने चुकीचे खाते धरले तर काय होते, असा आमच्या शोधाचा विषय. साहित्यात आमच्या ओळखीचा पहिला अपराधी म्हणजे कवी कोलरिज. केंब्रिजचा अभ्यास अर्धवट टाकून, कर्जाला कंटाळून, १७९३ च्या डिसेंबरात हा गृहस्थ सायलस टॉमकिन कॉम्बरबॅक असे अघोरी नाव घेऊन इंग्रजांच्या पंधराव्या लाइट ड्रॅगून्स नामक घोडदळात भरती झाला. त्याची घोड्यावर मांड काही ठरेना. घोडा दिसला की हा पडायचा. शेवटी वरिष्ठांनी त्याला देवी आलेल्या एका सोबत्याच्या शुश्रूषेला बसवले, आणि फावल्या वेळी तो इतर शिपायांची घरची पत्रे लिहून देऊ लागला. पुढल्या एप्रिलात भावांनी खटपट करून त्याला सोडवले. कागदोपत्री कारण वेडाचे दाखवले गेले. पत्रे लिहून देण्याच्या कामात तो पलटणीला प्रिय झाला होता असे वाचून आम्हांस जरा समाधान वाटले. निदान तो आमचाच व्यवसायबंधू.

दुसरा अपराधी तर अगदी आमच्याच गावचा. राजापुरास इंग्रजांची वखार होती, आणि तिचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन. मिरी, कापड, वसुली हे त्याचे खाते. परंतु १६६० साली सिद्दी जौहराने शिवाजी महाराजांना पन्हाळ्यात कोंडले तेव्हा ह्या व्यापाऱ्याला तोफखान्याची हौस आली. गोळे आणि उखळी तोफ घेऊन तो पन्हाळ्याखाली गेला व इंग्रजांचे निशाण लावून त्याने किल्ल्यावर गोळे टाकले. महाराजांनी हे लक्षात ठेवले. १६६१ साली त्यांनी राजापुरावर स्वारी केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनला त्याच्या सोबत्यांसह कैद केले. त्यांतल्या काहींची सुटका व्हायला १६६३ साल उजाडले. आपले खाते सोडून दुसऱ्याच्या खात्यात हात घातला की काय होते ह्याचा धडा आम्ही लहानपणी अर्जुनेच्या काठी वखारीची जागा पाहतानाच शिकलो होतो, आणि तरी लोकांना पलटणीचे सल्ले देत बसलो होतो.

परंतु ह्या शोधात आम्हांला हसू न येणारी एक गोष्टही सापडली. पसंतीचा रकाना हे एका अर्थी सुखवस्तू दुःख आहे. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, दापोलीच्या आसपास, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेन्शनीत निघालेल्या महार शिपायांची मोठी वस्ती होती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच पिढीतले. पलटणीत त्यांचे काम मास्तरकीचे. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते, आणि तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव जन्मले. मास्तरकी हेही सैन्यातले एक खाते आहे व त्यातून काय निघू शकते, हे आम्ही शाळामास्तराच्या मुलाने विशेष अभिमानाने सांगावे. पण त्यानंतर एक-दोन वर्षांतच सरकारने महारांची भरती थांबवली. ज्यांच्या घरात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या पलटणीच्या, त्यांना एकाएकी कोणताच रकाना उरला नाही. पलटणीतूनच निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर १८९४ च्या सुमारास भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतीअर्जाच्या खटपटीत होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, एक पलटण उभी राहिली, ती चार वर्षांत मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे. कोणत्या खात्यात गोळी कमी लागते असा प्रश्न त्या अर्जदारांनी विचारल्याचे आम्हांस कुठे आढळले नाही. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. फणसवाल्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर आमच्याच माळ्यावर होते, आणि ते आम्हांला पुष्कळ वर्षांपूर्वीच सापडलेले होते. ते कोणाला सांगितले नव्हते, इतकेच.

१९८७ साली आम्ही बारावीत होतो. यशवंतगडाच्या बुरुजावर बसून जैतापूरच्या खाडीत शिरणारी गलबते मोजण्याचा नाद होता. त्या नादात आम्ही खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा अर्ज तयार केला. पसंतीच्या जागी पहिले नाव नौदलाचे घातले. त्याखाली रेघ ओढली, जणू आयोगाला तेवढा ठसका कळणारच होता. वडील शाळेत जाताना पोस्टावरून जात. अर्ज त्यांच्याजवळ दिला. परीक्षेचे बोलावणे आले नाही. वाट पाहिली, मनातल्या मनात सरकारला शिव्या दिल्या, आणि पुढल्या वर्षी चष्मा लागला तेव्हा एक सन्मान्य कारण आयतेच हाती आले. तेच वाक्य आम्ही पुढे आयुष्यभर वापरले. वडील गेल्यावर माळ्यावरची जुनी पंचांगे काढली. आमच्याकडे पंचांग टाकून देण्याची रीत नाही. शके १९०९ च्या पंचांगात, भाद्रपदाच्या पानात, तो अर्ज घडी न मोडता ठेवलेला होता. फाडलेला नव्हता, हे आम्हांस अजून उलगडत नाही. फाडणे त्यांच्या हातून झाले नसावे, आणि टाकणेही झाले नसावे. त्यांनी तो तिथीवारांत जपून ठेवला. ह्यावर त्यांच्याशी एक शब्द बोलण्याची सोय राहिली नव्हती. आणि राहिली असती तरी आम्ही बोललो असतो असे नाही.

यंदा मिरगाच्या पहिल्या पावसात हा सगळा पसारा पुन्हा अंगावर आला. आमची मुलगी बारावी विज्ञान झाली. अभियांत्रिकीला जाईल असे आम्ही धरून चाललो होतो. एके रात्री जेवताना तिने सहज सांगितल्यासारखे सांगितले की, आपण प्रबोधिनीचा अर्ज भरत आहोत. सौ. नी आमच्याकडे पाहिले, आम्ही ताटाकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ह्या परीक्षेस बसू द्यावे असा आदेश दिला, २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या सतराजणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या, हे सगळे आम्हीच वर्गात मोठ्या आवेशाने सांगितले होते. आता ते आवेशाचे पाणी आमच्याच ताटात वाढले गेले.

जेवण झाल्यावर ती ओसरीवर फोन घेऊन बसली. आम्ही बाजूला सुपारी कातरीत बसलो. रकाना आला.

"पहिली पसंती भूदल," ती म्हणाली.

"नौदल का नको?" आम्ही विचारले. विचारताना आवाज आमचा की सतरा वर्षांच्या मुलाचा, हे आम्हांलाच कळले नाही.

"समुद्र लागतो मला. गुहागरला जाताना होडीत काय झालं ते विसरलात?"

मग आम्ही नकळत त्या प्रतवारीवर आलो, जिला तीस वर्षे हसत होतो. भूदल तर भूदल. पण पुढे खाते निवडायची वेळ येईल तेव्हा सिग्नल चांगले, संगणकाचे काम असते. शिक्षण खातेही आहे, आपल्या घराण्याला साजेसे. वकिलीचेही एक खाते असते म्हणतात. एकेक नाव घेताना ते आघाडीपासून किती कोस मागे, हे आम्ही मोजत होतो. पायदळाचे व रणगाड्यांचे दार मुलींना अद्याप उघडलेले नाही, ही गोष्ट एरवी आम्ही अन्याय म्हणून सांगतो. त्या रात्री ती आठवून आम्हांला बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतो.

"तोफखाना घेणार," ती म्हणाली. "२०२३ पासून बायका आहेत त्यात."

"तोफखाना? कानठळ्या बसतील."

"बाबा, राजापुरातून पन्हाळ्यावर गोळे गेले ते शत्रूच्या बाजूने. तुम्हीच सांगता ना? तो हिशेब राहिलाय आपल्या गावाचा."

तिने हे हसत म्हटले, आणि आमच्याच तोंडची गोष्ट आम्हांला परत केली. खाते काही आजच ठरत नाही, हेही तिने समजावून सांगितले. खडकवासल्याची तीन वर्षे, पुढच्या अकादमीतले शिक्षण, आणि मग पसंती विचारतात. गुणानुक्रमे व जागा असेल तसे देतात. तिच्या मते आम्ही उगाच चार वर्षे आधी घाबरत होतो. सौ. आतून येऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्यासारखी खात्यांची नावे घेतली नाहीत. तिथे जेवण कसे असते, एवढेच विचारले.

अर्जाच्या शेवटी कुठेतरी सरकार खात्री करून घेते. सहा आकड्यांचा एक संकेतांक फोनवर येतो व तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलीने नोंदणीच्या वेळी नंबर आमचा दिला होता; घरात आमचाच फोन काय तो पावसात लागतो, आणि तोही ओसरीच्या खांबापाशी. फोन आमच्या सदऱ्याच्या खिशात होता. तो थरथरला. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता, त्यामुळे आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

"आला का हो?" तिने विचारले.

आम्ही खिशावर हात ठेवला. तो संकेतांक काही मिनिटेच चालतो. मग तो आपोआप निकामी होतो, आणि रेंज नव्हती असे म्हटले तर राजापुरात त्यावर कोणीही विश्वास ठेवील. पंचांगाचीही गरज नाही. वडिलांनी त्या दिवशी पोस्टाच्या पेटीसमोर किती वेळ घालवला असेल, ह्याची आम्हांला तेव्हा प्रथमच काहीशी कल्पना आली. पेटीपर्यंत ते गेले असतील, हेही प्रथमच मनात आले.

"बाबा, आला का?"

आम्ही फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, कारण जवळचे आता चष्म्याशिवायच बरे दिसते, आणि एकेक आकडा वाचून दाखवला. चौथा आकडा सांगताना ती म्हणाली, "जरा मोठ्याने, पावसात ऐकू येत नाही." आम्ही तो पुन्हा मोठ्याने सांगितला.